उत्तरेकडच्या फळ्या

कबरी साफ करून फुलं वाहायच्या सजावटीच्या रविवारी स्टॅम्परांच्या दफनभूमीत उशिरा पोहोचायचं म्हणजे वर्षभर बोलणी खायची तयारी ठेवायची. व्हर्जीला यंदा उशीर झाला, पण तिला बोलायची कुणाची छाती झाली नाही. मे महिना उजाडला तोच तिच्या पोटाच्या ऑपरेशनने, आणि तेव्हापासून ती किंग्सपोर्टला लेकीकडे पडून होती. आज लेकीने तिला टेकडीच्या पायथ्याशी गाडीतून उतरवलं आणि वर चढताना पावलापावलाला "आई, दम खा, आई, दम खा" करून तिचा जीव नकोसा केला.

"अगं, खाते की! मेल्यावर इथेच यायचंय, तेव्हा भरपूर दम खाईन," व्हर्जी म्हणाली आणि चढत राहिली.

येताना वाटेत घर दिसलं होतं. ओढ्याच्या पलीकडे, पांढरं, ओसरीवरचा झोपाळा जागच्या जागी. शेंगांच्या वाफ्यात सरकारी माणसांनी ठोकलेल्या खुंट्याही जागच्या जागी होत्या, त्यांना बांधलेल्या नारिंगी फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. चौपदरी रस्ता यायचा होता तो तिथूनच, व्हर्जीच्या स्वयंपाकघराच्या छातीवरून. घर एकदा राज्याच्या वारसायादीत लागलं, की रस्ता ओढ्याच्या अलीकडून वळवावा लागणार होता. नाही लागलं, तर एके दिवशी सकाळी दोन यंत्रं येणार, आणि व्हर्जीने अठ्ठावन्न वर्षं जिथे अंग टाकलं तिथे डांबर पडणार. यादीत लागायचं कारण घरात नव्हतं, घराच्या मालकिणीत होतं. व्हर्जीची आई ओर्लिना स्टॅम्पर हिच्या तबकड्यांवर डोंगराखालचे निम्मे गवई गाणं शिकले होते. अजूनही केस वाढवलेली पोरं शहरातून गिटार पाठीला लावून यायची आणि ओसरीची पायरी हाताने चाचपून बघायची.

आईची कबर साफ करून झालेली होती. माती नीट उपसून वर ढीग केलेला, त्यावर मेणात बुडवलेली कागदी फुलं. शेजारी घडीच्या खुर्चीवर मॉड मामी बसली होती. ही ओर्लिनाच्या धाकट्या भावाची बायको, ऐंशी उलटलेली, आणि ज्या चर्चमध्ये कुठलंही वाद्य म्हणजे सैतानाचं खेळणं त्या चर्चची. नणंदेची एकही तबकडी तिने जन्मात ऐकली नव्हती, आणि हे ती अभिमानाने सांगायची.

"आलीस का?" मॉड मामी म्हणाली. "मला वाटलं, यंदा फुलं तुझ्यासाठीही करावी लागतात की काय."

"तुमच्या आधी माझा नंबर कसा लागेल, मामी?"

"लागेल, लागेल. मला वर कुणी घेत नाहीये." मामीने तिचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. तेवढ्यावरून व्हर्जीला कळलं, की म्हातारी घाबरली होती.

तेवढ्यात हॉबर्ट आला. व्हर्जीचा धाकटा भाऊ, ओहायोत मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला. ओहायोला गेलेली माणसं वर्षातून एकदा गावी येतात आणि त्या एका दिवसात गावाला अक्कल शिकवून जातात. हॉबर्टने या खेपेला रजा जास्त काढली होती आणि दोन आठवडे आधीच येऊन राहिला होता. पायात चकचकीत दोनरंगी बूट, अंगाला हजामतीच्या अत्तराचा वास.

"ताई!" त्याने तिला जपून जवळ घेतलं. "बरी दिसतेस गं. ऐक, जेवणानंतर तुला एक गंमत दाखवायचीय."

"तुझी गंमत म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. टाके आहेत तिथे, हसवू पण नकोस आणि रडवू पण नकोस."

"रडशील. आनंदाने."

व्हर्जीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. नाताळात याच माणसाने जेवणाच्या टेबलावर भांडण उकरून काढलं होतं. आईच्या तबकडीच्या पाकिटावर ओंडक्यांचं खोपट छापलंय ना, मग बघायला येणाऱ्यांना ओंडके दाखवा, असं त्याचं म्हणणं. घराच्या पांढऱ्या फळ्या काढा, आत ओंडके आहेतच, उघडे करा. लोक येतात आणि 'खोपट कुठाय?' म्हणून विचारतात, मग तोंड पाडून जातात, असं तो म्हणाला होता. ओहायोचे सगळे चुलतभाऊ त्याच्या बाजूने, त्यांचं तर आधीपासून गुळपीठ. व्हर्जीने तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की मी जिवंत असेपर्यंत एक खिळा हलणार नाही. विषय तिथे संपला, असं तिला वाटलं होतं.

"आणि ऐक," हॉबर्ट म्हणाला, "त्या राजधानीच्या वारसायादीवाल्या बाईंना मी इथेच जेवायला बोलावलंय. मिस ॲशबी. घर बघायला त्या उद्या येणार होत्या. मी म्हटलं, आजच या, सगळं कुटुंब एका जागी भेटेल. आपली माणसं बघितली की बाई विरघळेल."

"मला न विचारता?"

"तू आजारी होतीस!"

व्हर्जी लेकीच्या हातातलं पातेलं घेऊन टेबलांकडे वळली.

टेबलं म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेल्या लांब फळ्या, वर पांढऱ्या चादरी. दरवर्षी चर्चमागच्या खोपीतून फळ्या निघायच्या, जेवणं झाली की परत खोपीत. यंदा टेबल चांगलंच लांब होतं, पार देवदारापर्यंत. त्यावर भाजलेलं हॅम, वाळवून शिजवलेल्या शेंगा, मक्याचा पाव, आणि घरोघरून एकेक थर आणून रचलेला सुक्या सफरचंदांचा केक. व्हर्जीने आपलं कोंबडीच्या रश्श्यातल्या उकडीच्या गोळ्यांचं पातेलं मध्ये ठेवलं. पातेलं डुगडुगलं. तिने जरा सरकवलं, तरी डुगडुगलं. खाली काहीतरी टोचत होतं.

तिने चादरीचं टोक उचललं.

खाली पांढरा रंग होता. वर्षानुवर्षांचा, पुटावर पूट चढलेला, कडेने पोपडे आलेला. आणि रंगाच्या मधोमध, चार बारीक खिळ्यांनी ठोकलेलं, तपकिरीच्या डबीचं झाकण.

ते झाकण व्हर्जीने आयुष्यभर रोज पाहिलं होतं. घराच्या मागच्या भिंतीवर, हात धुवायच्या घंगाळाच्या जरा वर. त्या फळीला गाठीचं एक भोक होतं, आणि उत्तरेचा वारा सुटला की भोकातून शीळ यायची. ती शीळ ओर्लिनाच्या गिटारच्या सुराशी जुळायची नाही. एकदा तिने गिटार खाली ठेवली, तपकिरीची डबी रिकामी केली, झाकण आणि हातोडी घेऊन मागे गेली आणि वाऱ्याचं तोंड बंद करून आली.

व्हर्जीने चादर सोडली. मग पुढे जाऊन दुसरीकडून उचलली. पांढरा रंग. आणखी पुढे. पांढरा रंग. शेवटच्या फळीवर धुराड्याच्या नळीचा काळा डाग होता. तिच्या घराची अख्खी मागची भिंत इथे टेकडीवर पसरलेली होती आणि तिच्यावर बटाट्याची कोशिंबीर मांडलेली होती.

"रॉय डीन!" तिने हाक मारली. "इकडे ये."

रॉय डीन हॉबर्टचा मुलगा. बापाला ओहायो मानवलं, पोराला नाही. तो परत येऊन कोळशाचा ट्रक चालवायचा आणि व्हर्जीच्या घराच्या डागडुजीला तोच असायचा. तिशीचा बाप्या, पण आत्याच्या आवाजावर शाळकरी पोरासारखा आला.

"आत्या, तब्येत कशी—"

"तब्येत गेली खड्ड्यात. हे काय आहे?"

रॉय डीनने चादरीखाली पाहिलं नाही. त्याला ठाऊक होतं. "बाबा म्हणाले, तुला दाखवायचंय. मागची बाजू आधी, मग पुढची. म्हणाले, एकदा ओंडके बघितले की ती पण ऐकेल."

"पुढची पण?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि तू काढल्यास. हातात पहार घेऊन."

"मी म्हटलं होतं त्यांना, आत्याला विचारा. ते म्हणाले, विचारलंय." रॉय डीनचे कान लाल झाले. "आत्या, ते म्हणाले होते, फळ्या जाळून टाक. मला नाही जाळवल्या. अख्खी पॉप्लरची फळी, कीड नाही, चीर नाही, असलं लाकूड आता मिळतं का? आणि चर्चच्या फळ्या तर पार कुजल्यात. म्हटलं, आजच्या दिवस इथे घालू, मग बघू."

"तुझ्या बापाला माहितीये?"

"नाही. त्यांना वाटतं, जाळल्या."

व्हर्जीला हसावं की त्याच्या मुस्काटात मारावी ते कळेना. तिला एवढा राग आला होता की टाके ओढले जात होते. आपण तिकडे इस्पितळात पडलोय आणि इकडे सख्ख्या भावाने आपल्या घराची पाठ उघडी केली. ती हॉबर्टकडे निघाली, दोन माणसांना बाजूला सारून, आणि नेमक्या त्याच क्षणी धर्मोपदेशकाने हात वर केला. प्रार्थना सुरू झाली. मग स्तोत्र. त्यांच्यात पुढचा माणूस एक ओळ घाईघाईने म्हणतो आणि मग सगळे ती ओळ लांब, सावकाश ओढत नेतात. मॉड मामीचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यात भांडता येत नाही. व्हर्जी दात आवळून ओळी ओढत राहिली.

स्तोत्र संपतं न संपतं तोच हॉबर्ट टेकडी चढून आलेल्या एका बाईंना कोपराला धरून टेबलाकडे घेऊन आला.

मिस ॲशबी तिशीची, केस चापून बांधलेले, पायात चालायचे बूट, गळ्यात कॅमेरा. तिने सगळ्यांना नमस्कार केला, तीनदा नको म्हणून चौथ्यांदा ताट भरून घेतलं आणि व्हर्जीच्या शेजारी बसली. बरोबर तपकिरीच्या झाकणासमोर.

"उकडीचे गोळे तुमचे ना?" ती व्हर्जीला म्हणाली. "माझी आजी करायची. आता कुणी करत नाही."

"लेकीने केलेत. मला अजून उभं राहवत नाही." पोरगी बरी वाटली, याचाच व्हर्जीला त्रास झाला.

"खा, खा," हॉबर्ट समोर बसत म्हणाला. "नंतर आम्ही तुम्हाला जे दाखवणार आहोत, ते तुमच्या साहेबांनाही दाखवावंसं वाटेल. ताई, तुलाही आत्ताच सांगून टाकतो, राहवत नाही मला. मिस ॲशबी, आम्ही ओंडके मोकळे केले."

मिस ॲशबीचा काटा हवेतच राहिला.

"कुठले ओंडके?"

"घराचे! फळ्या काढून टाकल्या. मागची बाजू झालीये. काय दिसतंय म्हणून सांगू! पाकिटावरच्या चित्रासारखं."

ओहायोवाल्यांनी माना डोलावल्या. मिस ॲशबीने काटा खाली ठेवला. तिने आवाज चढवला नाही, पण तिच्या चेहऱ्यावरची जेवणाची खुशी उतरली.

"मिस्टर स्टॅम्पर," ती म्हणाली, "ओंडक्यांची घरं या डोंगरांत मी इतकी पाहिलीत, की मोजायचं सोडून दिलं. तुमचं घर यादीत घ्या म्हणून मी वर्षभर भांडतेय, ते ओंडक्यांसाठी नाही. तुमच्या आई ज्या वर्षांत गात होत्या, त्या वर्षांतलं हे घर आहे. पहिल्या तबकड्यांच्या पैशातून त्यांनी स्वतः त्या फळ्या चढवल्या. डोंगरातल्या एका बाईने गाऊन घर पांढरं केलं. असं घर दुसरं नाही. मी वर लिहून दिलंय, की ते जसंच्या तसं आहे."

"पण ओंडके जुने आहेत! फळ्यांपेक्षा जुने!"

"टेकडी ओंडक्यांपेक्षा जुनी आहे. रस्ता टेकडीसाठी वळवत नाहीत हो." तिने ओठ पुसले. "फळ्या कुठे आहेत?"

हॉबर्टचा रंग उडाला. त्याने टेबलाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, जणू कुणी मदतीला येईल. ओहायोवाले एकाएकी हॅम कापण्यात गढून गेले.

"जाळल्या," तो म्हणाला.

"जाळल्या?" मॉड मामी कडाडली. इतका वेळ ती पाव कुस्करत बसली होती. "हॉबर्ट स्टॅम्पर, तुझ्या आईची गाणी सैतानाची होती, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. पण तिच्या भिंती! या खोऱ्यात तिच्या भिंतींसारख्या स्वच्छ भिंती कुणाच्या नव्हत्या. दर वसंतात शिडीवर चढून स्वतः रंग द्यायची. मी खालून बादली द्यायचे. आणि तू जाळल्यास?"

रॉय डीनने आत्याकडे पाहिलं. आत्याने हळूच मान हलवली, थांब म्हणून. खरं सांगायचं तर व्हर्जीला त्या क्षणी बरं वाटत होतं. त्याला जरा भाजू दे, असं ती मनात म्हणाली. पण हॉबर्टने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तिला तो एकदम लहान दिसला, नाक वाहणारा, कडेवरचा.

"हॉब," ती म्हणाली, "तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, म्हणून तुला ठाऊक नाही. आई पहिल्यांदा गाणी द्यायला शहरात गेली, तेव्हा मी बरोबर होते. तिने त्यासाठी नवे बूट घेतले होते. काळे, वर दोरीने बांधायचे. आणि हॅट. गाणी झाली, मग ते तबकडीवाले म्हणाले, फोटो काढू. बाहेर नेलं. कुणाचातरी गोठा होता, ओंडक्यांचा. म्हणाले, याच्यापुढे उभी राहा. आणि हॅट काढ. आणि बूट काढ."

कुणी ताटातही हात घालेना.

"तिने काढले. पैसे अजून हातात यायचे होते ना. बूट माझ्याकडे दिले आणि म्हणाली, व्हर्जी, खाली ठेवू नकोस, चिखल आहे. मी बाजूला उभी राहिले, बूट छातीशी धरून. फोटोत मी नाहीये. तो फोटो सगळीकडे गेला. त्याच्यावरूनच कुणीतरी ते पाकिटावरचं खोपट काढलं. ते आपलं घर नाही, हॉब. तो लोकांचा गोठा आहे."

"मला कुणी कधी सांगितलं नाही," हॉबर्ट म्हणाला.

"सांगण्यासारखं होतं का ते? ती घरी आली आणि पैसे मिळाले तशी पहिली वस्तू म्हणून फळ्या आणल्या. त्यानंतर कुणीही फोटो काढायला आलं, की ती आधी पायात बूट चढवायची, मगच ओसरीत यायची. मरेपर्यंत."

हॉबर्ट रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, हजामतीचं अत्तर लावलेला, बटाट्याच्या कोशिंबिरीवर वाकून रडत होता, आणि ओहायोवाल्यांना कुठे बघावं कळेना. व्हर्जीचा राग अजून गेला नव्हता, पण तिला आता त्याला आणखी रडू द्यायचं नव्हतं.

"मिस ॲशबी," ती म्हणाली, "तुमचं ताट जरा उचला."

मिस ॲशबीने उचललं. व्हर्जीने पातेलं बाजूला केलं आणि चादर ओढली. पांढरा रंग उन्हात आला, मध्ये तपकिरीचं झाकण.

हॉबर्ट बघत राहिला. मग त्याने आपल्यासमोरची चादर उचलली, मग शेजारच्याची. "रॉय डीन," तो म्हणाला, "तू जाळल्या नाहीस?"

"नाही."

"मी तुला जाळायला सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंत."

हॉबर्टने मुलाच्या दंडावर एक गुद्दा मारला, आणि मग तोच दंड धरून ठेवला.

मिस ॲशबी वाकून रंगाचे थर तपासत होती, नखाने, अगदी हलक्या हाताने. "सगळ्या आहेत?"

"एकूण एक," रॉय डीन म्हणाला. "मागून खुणा केल्यात मी, कुठली कुठे ती. जुने खिळेही ठेवलेत. सवय आहे हो मला, काही फेकवत नाही."

"मग ऐका. काढल्या होत्या, हे मी लिहिणार. खोटं लिहिणार नाही. पण त्याच फळ्या, त्याच जागी, त्याच खिळ्यांनी परत बसलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या, तर तेही लिहीन. मला संध्याकाळी निघायचंय. ठरवणारे वर आहेत, पण त्यांच्याशी भांडायला मला काहीतरी मिळेल."

अर्धी पंगत उठली. दोघांनी तर टेबलाखालचे घोडे धरलेही.

"बसा खाली!" मॉड मामी ओरडली. "देवाचं नाव घेऊन बसलोय आपण. केक कापल्याशिवाय टेबलाला हात लावायचा नाही. ओर्लिनाच्या भिंतीवर जेवायला बसलोय, अर्धपोटी उठलेलं तिला चालायचं नाही."

त्या दिवशी स्टॅम्परांनी जेवढ्या झपाट्याने केक खाल्ला तेवढ्या झपाट्याने पूर्वी कधी खाल्ला नसेल. मिस ॲशबीला तर दोन तुकडे संपवावे लागले, कारण मामी तिच्या बशीकडे नजर लावून होती.

मग फळ्या उतरायला लागल्या. एकेका फळीला पुढे एक माणूस, मागे एक. ओढ्यावरचा साकव एका माणसाच्या रुंदीचा, त्यावरून एवढी लांब फळी वळत नव्हती, म्हणून पुरुषांनी बूट काढून अलीकडच्या काठावर ठेवले आणि सरळ पाण्यात शिरले. हॉबर्टने आधी आपल्या दोनरंगी बुटांकडे पाहिलं, मग ओहायोवाल्यांकडे. मग तेही काढले. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून झाकणाची फळी त्याने स्वतः घेतली, आणि तिचं दुसरं टोक रॉय डीनने.

व्हर्जी लेकीच्या हाताला धरून साकवावरून गेली. घराच्या मागे पोहोचली तेव्हा तिने ओंडके पाहिले. दहा वर्षांची असताना पाहिले होते, त्यानंतर आजच. चांगले ओंडके होते, आजोबांनी तासलेले, फटींत पिवळी माती अजून धरून होती. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ज्या बाईला वाटली होती, तिने ते झाकले होते, आणि बाकीच्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

तिला उलट्या बादलीवर बसवलं, आणि मग ती बसल्या जागेवरून हात करत राहिली. ही धुराड्याची, ती तिकडे. अरे, उलटी धरलीस. घंगाळाचा डाग खाली येतो. रॉय डीनच्या खुणा होत्या, पण व्हर्जीच्या पुढे कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. ओहायोवाले ज्या तोंडांनी ओंडक्यांची तारीफ करत होते, त्याच तोंडांत आता खिळे धरून ठोकत होते, आणि कुणी त्यांना टोचून बोललं नाही. फक्त मॉड मामी खुर्चीसकट खाली येऊन बसली होती, ती मात्र प्रत्येक फळीला "वाकडी आहे" म्हणत होती.

शेवटची फळी हॉबर्टने बसवली. ठोकताठोकता त्याने झाकणावरून बोट फिरवलं. "हे काढायचं का गं? आत भोक आहे वाटतं."

"खबरदार! आईने लावलंय ते. वारा बेसूर होता."

हॉबर्ट खो खो हसला, खूप वेळ हसला, आणि हसताहसता त्याने हातोडीचा एक ठोका अंगठ्यावर घालून घेतला.

भिंत पूर्ण झाली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मिस ॲशबीने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, वहीत काही लिहिलं नाही, नुसती मोठा श्वास सोडून मान डोलावली. मग तिने कॅमेरा हातात घेतला.

"भिंतीचा फोटो मला लागेलच," ती म्हणाली. "पण भिंतीपुढे तुम्ही सगळे उभे राहिलात, तर मला आवडेल. वर बसलेल्यांना माणसं दिसलेली बरी."

सगळे गोळा झाले. मॉड मामीची खुर्ची मध्ये ओढली. रॉय डीन मागे, ओहायोवाले कडेने. हॉबर्ट बहिणीशेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मिस ॲशबीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांबा," व्हर्जी म्हणाली.

ती खाली बघत होती. हॉबर्टचे पाय उघडे होते, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. रॉय डीनचेही. सगळ्या पुरुषांचे.

"हॉब," ती म्हणाली, "बूट घालून ये."

"अगं, ते तिकडे ओढ्यापलीकडे आहेत. बाईंना उशीर होतोय—"

त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा पाठीमागच्या भिंतीकडे. मग तो निघाला, आणि त्याच्यामागून बाकीचे पुरुषही. मॉड मामी खुर्चीतून म्हणाली, "पाय धुऊन घाला रे!"

मिस ॲशबीने कॅमेरा खाली केला. "मी थांबते," ती म्हणाली.